मुंग्यांचा चौकोन

सोहारला, मासळीबाजारामागच्या शाळेत
लशीचं केंद्र होतं.
सुई टोचायची सिस्टर आन्सी,
मी नुसते कागद छापून द्यायचो,
इस्त्रीखालून काढल्यासारखे गरम.
नाव, जन्मसाल, तारीख,
आणि कोपऱ्यात मुंग्या लागल्यासारखा
काळा चौकोन.

अकराच्या सुमाराला वेंकटसुब्बम्मा आली.
कडप्याकडची. अर्धी हिंदी, अर्धी अरबी,
उरलेलं हातवाऱ्यांत.
दंडावर कापूस दाबून उभी राहिली,
कागद काही घेईना.
आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग चौकोनाकडे :
यात मालकाचं घर आहे?

म्हणजे ती जिथून निघून आली, ते.
म्हणजे आता जिथे निजते, तेही.

मी शिबिरात घोकलेलं सांगू लागलो :
कूट, सही, किल्ली.
किल्ली म्हणताच ती दचकली.
(माझा पासपोर्ट तेव्हा तीन वर्षं
कंपनीच्या कपाटात होता,
मलाही तो शब्द पुरता बरा वाटत नसे.)

मग तिच्यासमोर वायफायची वायर उपटली,
मोबाइलचं इंटरनेट बंद केलं,
आणि धरला कागदावर.
हिरवं.
बघा, म्हटलं, यानं कुणाला विचारलं नाही,
कुणाला कळवलं नाही.
शाईत आहे तेवढं बोलतो
आणि बोलून झालं की विसरतो.

तिनं नखानं एक मुंगी खरवडली.
अहो, अहो, करत मी पुन्हा धरला.
हिरवंच.
थोडं पुसलं तर चालतं, म्हटलं,
खोटं मात्र एक अक्षरही नाही.

हसली नाही. पण कागदाची
चार वेळा घडी घातली,
बारीक करत करत सुपारीएवढी,
आणि भर उन्हात निघून गेली.

दुसऱ्या डोसाच्या तारखेला आली नाही.
तिसऱ्या दिवशीही.
बुरैमीला गेली असेल, मस्कतला,
दुसऱ्या केंद्रावर दुसरा दंड पुढे केला असेल.
कुठे शोधणार? माझ्याकडे यादीच नव्हती.
तशीच तर ती सोय केलेली,
मीच तिला पटवून दिलेली.
बरं वाटलं.
आणि रात्री झोप आली नाही.

पहाटे पाकिटातून माझा कागद काढला.
घडीच्या रेघांवर शाई उडालेली,
घामानं एक कोपरा पिवळा.
इंटरनेट बंद केलं,
धरला.

हिरवं.