काडी कुणी ओढली?

बाटली आणली लोकरी मोज्यात गुंडाळून,
दुसऱ्या मोज्यात काचेचा एकच पेला.
कोगनोळी नाक्यावर पोलिसानं बॅग चाचपली,
"एनिदु?"
मी म्हटलं, काकवी.
तो हसला. बस सुटली.

निपाणीत मामीनं ती फ्रिजात ठेवली
इडलीच्या पिठाशेजारी, बोटांच्या टोकांनी धरून.
"रंग तर करडईच्या तेलाचा," म्हणाली,
"ह्यासाठी एवढी लांब शिकायला गेलीस व्हय?"

नागोजीमामा काही बोलला नाही.
बेचाळीस वर्षं त्यानं तंबाखू पारखली.
चिमूट नाकाशी नेऊन सांगायचा
जमीन काळी की तांबडी,
पान पावसात सापडलं होतं का,
मालकानं खुडायची घाई केली का.
वखार बंद पडली. नाक राहिलं,
शेजारच्या घरातलं दूध करपायच्या आधी
इथनं हाक मारणारं.

मी पेला तिसऱ्या हिश्शापर्यंत भरला.
त्यानं लगेच हुंगला नाही.
खिडकीशी नेला, उजेडात कड पाहिली,
मग दोन्ही तळव्यांत धरून बसला
घरट्यातनं पडलेलं पिल्लू धरावं तसा.
"गारठलंय," म्हणाला. "अजून बोलायचं न्हाई."

भिंतीवरचं घड्याळ, रस्त्यावरची उसाची ट्रॉली,
मामीच्या चकल्या.
बऱ्याच वेळानं त्यानं नाक खाली नेलं
आणि झटकन मान वर केली.

"काडी कुणी ओढली?"

दाराकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं.
आतनं मामी म्हणाली, लायटर हाय आपल्याकडं, सहा वर्सं झाली.
पण तो अर्धा उठला होता खुर्चीतून,
हात उगाच पाण्याच्या बादलीसाठी चाचपत.
त्यांच्या वखारीत काडीपेटी दारातच काढून घेत.
एका काडीनं गेलेली अख्खी गल्ली त्यानं पाहिली होती.

मामा, म्हटलं, ती काडी पेल्यात आहे.

हा वास ओळखायला मला दोन हंगाम लागले होते.
वहीत त्यावर अर्धं पान आहे माझं,
खाली शिक्षकाची लाल रेघ.

मग तो सावकाश बसला, आणि एकेक काढू लागला,
पोत्यातनं नमुना काढावा तसा:
पाटा. वाटण धुऊन टाकल्यावरचा, ओला.
ईडलिंबू. रस न्हवं गं, साल. नखानं खरवडल्याली.
आणि लोणी...
थांबला. मान हलवली.
लोणी न्हवं. कढवल्यालं भांडं, घासून पालथं घातल्यालं.

घोट घेतला तेव्हा डोळे मिटले नाहीत,
उलट उघडले. दाढा शिवशिवल्या असाव्यात,
गाल आत गेले कवठ चाखलेल्या पोरासारखे.
"जरा खारं लागतंय?"
तिथं समुद्र जवळ आहे, मी सांगितलं.
एप्रिलात थंडी पडते, पहाटे कात्री धरताना बोटं कळत नाहीत.
आपल्या अथणीकडची द्राक्षं फेब्रुवारीतच साखर होऊन मोकळी होतात,
शार्दोनेचा हा घड महिनाभर नुसता विचार करत लटकतो.

"करंना का," मामा म्हणाला. "घाई केल्याली न्हाई कुणी."
त्याच्याकडून याहून मोठं कौतुक
कुठल्या पोत्याला मिळाल्याचं मला आठवत नाही.

काय भाव? मी विचारलं, गमतीनं.
त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझ्या हातावर टाकला, खाली स्वतःचा हात घातला,
आणि दाबली: दोन बोटं, मग सगळा पंजा,
थोडं थांबून आणखी एक बोट.
तंबाखूच्या वासाची ती बोटं, अजून.
"किती ओ?" मामी दारातनं.
टॉवेलाखालचं उघड बोलायचं नसतं.

ती पेला घेऊन गेली विसळायला.
नळ सुरू झाला नाही.
परत आली, रिकामा पेला नाकाशी धरून,
आणि आम्हा दोघा पारख्यांसमोर ठेवला:
"पेरूचं फूल," म्हणाली.
"फळ न्हवं. फूल. सकाळचं."

आम्ही आळीपाळीनं नाक घातलं.
होतं.