बशीखाली

सोमवारी लेणी बंद असतात
हे न कळता आलेले लोक
दिवसभर आमच्या जळगावच्या लॉजवर अडकतात,
खालच्या जेवणघरात, पंख्याखाली, चव्वेचाळीस डिग्रीत,
आणि मला जग कळतं.

मी सुरतेच्या पलीकडे गेलेलो नाही.
पण अमेरिकेचा माणूस बिलाच्या पाठीवर शेकडा वीस काढतो
आणि काढताना त्याचे ओठ हलतात, हे मला ठाऊक.
जर्मन आकडा तोंडाने सांगतो.
बिल दोनशे ऐंशीचं, तो म्हणतो तीनशे,
विषय संपला.
फ्रान्सची बाई चिल्लर ठेवते, जणू चुकून राहिली.
जपानचे लोक काहीच ठेवत नाहीत. उठतात, वाकतात, जातात.

म्हणून त्या जपानी म्हातारीच्या ताटाशी
पन्नासची नोट दिसली तेव्हा मी धावलो,
स्टेशनपर्यंत, जिना चढून तीन नंबरवर.
विसरलात, म्हटलं खुणेने.
ती हसली. पर्समधून पांढरं पाकीट काढलं,
नोट आत घातली, वर काहीतरी लिहिलं,
दोन्ही हातांनी दिलं.
आपण लग्नात देतो तसंच की.
फक्त वरचा एक रुपया नव्हता.

यंदा भंगाळे शेठ युरोपला निघाले.
शेठाणी, मेहुणा, चौदा रात्री, केळीच्या वेफर्सचे नऊ डबे.
टूरवाल्याने कागद दिला होता:
ड्रायव्हरला इतके, गाईडला इतके, बॅग उचलणाऱ्याला इतके.
शेठनी तो चारदा वाचला
आणि मला गल्ल्यापाशी बोलावलं.
"उखर्डू, द्यायचं म्हणजे नेमकं कसं द्यायचं रे?"

गल्ल्याशेजारी टिपचा डबा आहे. त्याला कुलूप आहे.
किल्ली शेठच्या करगोट्याला.
पोळ्याला उघडतो, तेव्हा फुटलेले ग्लास आधी वजा होतात.
हे मी बोललो नाही.
म्हटलं, शेठ, बशीखाली ठेवायचं, हातात कोंबायचं नाही.
मोजताना तोंड भिंतीकडे.
ठेवलं की उठायचं. वळून बघायचं नाही,
बघितलं की ते उसनं होतं.

रात्री घरी डालड्याचा जुना डबा काढला.
सव्वीस वर्षांची परदेशी नाणी.
बँक नोट बदलून देते, नाण्याला हात लावत नाही.
मार्क आणि फ्रँक तर कधीच मेले,
कॅरमची सोंगटी हरवली की नातू ते लावतो.
उरलेले युरो बायकोने चटईवर मोजले,
एकशे सदतीस आणि वर काही सेंट.
"हाई आपलं नही," ती म्हणाली, "त्यासनंच शे."

सकाळी गल्ल्यावर पिशवी ठेवली.
शेठ, तिकडचंच आहे, तिकडच्या पोरांना ठेवा.
शेठनी मोबाईलवर भाव काढला, गुणाकार केला,
माझ्याकडे बघितलं,
मोबाईल पालथा ठेवला.

परतले ते खोकत.
कुठल्याशा गावात, म्हणाले, नदीवर सात पूल होते,
तिथे एका पोराच्या टेबलावर तुझे चार ठेवले.
मी विचारलं, मग त्याने काय केलं?
"मला काय माहीत?
तूच म्हणाला होतास, वळून बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ टेबल नंबर चारवर बसले,
स्वतःच्याच हॉटेलात, गिऱ्हाइकासारखे.
चहा मागवला. फुंकर मारत प्याले.
भिंतीकडे तोंड करून खिसा चाचपला.
उठले, आणि खरंच वळले नाहीत,
पायरीला ठेच लागली तरी.

मी बशी उचलली.
दहा रुपये.
चौदा रात्री, सात देश,
अन् दहाच, भो.

तरी ती नोट मी डब्यात टाकली नाही.