दार आता नीट बंद होते

केमीच्या बंदरातून रात्रपाळी करून सहाला घरी आले,
बूट काढायच्या आधी संगणक लावला.
चौदा गिगाबाइट नवा बर्फ उतरत होता.
बाहेर उणे सव्वीस, जुनाच.

अकरा हिवाळे मी या खेळात गारठले आहे.
पहिल्या रात्री सात वेळा मेले:
चार वेळा थंडीने, दोनदा लांडग्याने,
एकदा कच्च्या मांसाने, तेही हौसेने खाल्लेलं.
कुणी काही सांगत नसे तेव्हा.
आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात,
तिथे तर मेल्याशिवाय चूलही पेटत नसे.
बर्चची साल बर्फाखालीही पेट घेते
हे मी तिथे शिकले,
मग अंगणात जाऊन काडी लावून पाहिली.
घेते.

आता पिवळा बाण येतो.
इथे साल आहे. इथे तुला भूक लागेल.
इथे सुंदर दृश्य आहे, ईर्या, थांब.
मी वजनकाट्यावर लाकडाचे ट्रक तोलते,
आकड्यांशी माझं वैर नाही.
पण भुकेचा आकडा कोपऱ्यात दिसायला लागला
आणि पोट बोलेनासं झालं.

लांडगा पूर्वी नुसता असायचा.
मागे वळून पाहावं तर माझ्या पावलाच्या ठशात
त्याचा ठसा, अगदी मधोमध.
आता तो पाळता येतो.
त्याला लाल स्कार्फ मिळतो, चार युरो नव्वद.
ओर्वोने घेतला.
ओर्वो माझा मावसभाऊ, तोर्निओचा,
पहिल्या वर्षापासून माझ्याबरोबर उपाशी.
म्हणाला, बरं केलंय की त्यांनी.
दिवसभर कामावर मरायचं, आणि रात्री इथेही?
त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. मी भांडले नाही.
त्याचा लांडगा माझ्या पायाशी येऊन शेपूट हलवू लागला.
भीक नको पण लांडगा आवर, असं ओठांवर आलं,
आणि बोट आपोआप
थोपटायच्या बटणावर गेलं.

हेही गिळलं असतं.
पण बदलांच्या यादीत पार तळाला, बारीक अक्षरांत,
एकशे बारावी ओळ:
तळ्याकाठच्या खोपटाचे दार आता नीट बंद होते.

अकरा वर्षं ते चार बोटं उघडं राहायचं.
फटीतून बर्फ चुलीपर्यंत यायचा.
चूक होती, मान्य. कुणाचा तरी कुठे तरी एक आकडा चुकलेला.
मी दाराला ओंडका लावायचे, दर रात्री तोच,
आणि ज्योत डावीकडे कलली
की कळायचं, तळ्यापलीकडून काही तरी निघालंय.
ओर्वो म्हणायचा, दुसरं बांध.
दुसरं कशाला? या दाराला मी माहीत होते.

आज लागलं. टक्.
आत ऊब. ज्योत सरळ,
तपासणीला उभ्या केलेल्या मुलीसारखी.
ओंडका कोपऱ्यात, त्यावर पिवळा बाण:
सरपण. तोडा.

नाही तोडला.

स्वयंपाकघरात ताउनो उठलेला, कॉफी टाकत होता.
नऊ वर्षं तो म्हणतोय
सौनाचं दार घासायला हवं, लाकूड फुगलंय,
वाफ फुकट जाते.
नऊ वर्षं मी म्हणतेय, उन्हाळ्यात.
आज माझ्या कपाशेजारी त्याने रंधा काढून ठेवला होता,
तेल दिलेला.

मी उचलला. अंगठ्याने धार पाहिली.
पुन्हा खणात ठेवला.

काय झालं, म्हणाला.
आता याला कुठून सांगायला सुरुवात करू?
राहू दे फट, म्हटलं.
तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग साखर ढवळत म्हणाला,
मग निदान एखादा ओंडका तरी लाव.

बूट अजून पायातच होते.
गेले.