दोन सूत मागं

रेकॉर्ड आली एस्तेर शिंदे बाईंच्या घरातून,
मिशन कंपाउंडमधलं घर रिकामं होताना.
भाच्यानं ती पंपाच्या बिलात धरली:
"दीडशे कमी देतो, हा खोका घेऊन जा."
खोक्यात प्रार्थनेची गाणी, दोन नाताळच्या,
एक टायपिंग शिकवणारी,
आणि तळाला ही.

कव्हरवर एक सावळी बाई जिन्यात बसलेली.
एक चप्पल पायात, एक हातात.
पट्टा तुटलाय, आणि तिला घाई नाही.
पापाच्या तिकटीवर कुणीही म्हणालं असतं,
बसा बाई, आत्ता शिवून देतो.
मागं बारीक अक्षरात: शब्द तिचे, चाल तिची,
पियानोही तिचाच.
तिचं आडनाव अजून मला नीट म्हणता येत नाही.

मी लेथवाला माणूस, उद्यमनगरातला.
हत्यार बोथट झालं की पाठ फिरवूनही मला कळतं.
म्हणून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
माल आऊट आहे.
दर फेऱ्याला आवाज किंचित वर, किंचित खाली,
वाकड्या रिंगच्या सायकलसारखा.
आणि तो ड्रमवाला!
प्रत्येक ठोका उशिरा.
फार नाही, दोन सूत.
पियानो दारात येऊन उभा,
आणि हा अजून आत चपला शोधतोय.

सोमवारी शटर निम्मं ओढून डायल लावला.
बारा थौ बाहेर.
भोक मधोमध नव्हतंच.
तिकडच्या कुठल्या कारखान्यात, शिफ्ट सुटताना,
कुणा माझ्यासारख्याच्याच हातून.
भोक जरा मोठं केलं,
पितळेचं बुश टर्न करून दाबून बसवलं.
काटा शून्यावर.
सरफराज म्हणाला, "गाण्यासाठी एवढं?
तिकडं हुपरीकराचे व्हॉल्व्ह तटलेत की."

सुई टेकवली.
आवाज सरळ झाला,
ओला पंचा झटकून दोरीवर टाकावा तसा.
पण ड्रमवाला?
तसाच. दोन सूत मागं.

म्हणजे ती चूक भोकाची नव्हती.
त्यानं ती जपून ठेवलेली.

बेअरिंगला प्ले आला की आम्ही शिव्या घालतो.
प्ले म्हणजे खडखड,
प्ले म्हणजे परत आलेला माल आणि गिऱ्हाईकाचं तोंड.
हिच्या गाण्यात प्ले आहे,
आणि नेमकी त्या फटीतच ती श्वास घेते.
पियानोत तिच्या चर्च आहे, बासमध्ये गल्ली,
दोघं एकमेकांना ओळखतात, बोलत नाहीत.
आम्ही कोल्हापूरकर सगळं ठासून सांगतो,
तिखट, शपथ, दोस्ती.
ही हळू सांगते,
तरी कानामागं घाम येतो.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
भाऊ गेलाय तिचा, एवढं इंग्रजी मला समजतं.
'ब्रदर' म्हणते आणि थांबते.
ठोका यायला पाहिजे, येत नाही.
सबंध बँड थांबून राहतो,
मयतीला आलेली माणसं अंगणात थांबतात तशी,
आतली बाई बाहेर येईपर्यंत
कुणी घड्याळ बघत नाही.
मग पडतो. मऊ.
मग ती पुढचा शब्द उचलते.

सरफराज आता सोमवारी चहाचं निमित्त काढून येतो.
"तो लेट येणारा लाव," म्हणतो,
आणि डब्यावर बोटानं वाजवत बसतो,
प्रत्येक वेळी लवकर.

काल रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.
सगळी काळी, नव्यासारखी कोरी.
फक्त दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यापाशी,
खाचा झिजून पांढुरक्या झालेल्या,
अंगठ्याएवढा पट्टा.
एस्तेरबाईंना मी पंपाशेजारी उभं राहून
"पाणी गढूळ येतंय" एवढंच बोलताना ऐकलेलं.

भाच्याला विचारायचं राहिलं.
भाचा म्हणजे,
भावाचाच मुलगा.