पांधन

चार हजार दोनशे सतरा इशारे.
यादी रोज पहाटे येते
आणि पुण्यातली अकरा माणसं
ती न उघडताच वाचलेली ठरवतात.
मीही ठरवायचे.
फंक्शन फार लांब. नाव संदिग्ध. तीच ओळ तिसऱ्यांदा.
इतक्या लांब यादीत
कुठलाच दोष आपला वाटत नाही.

रविवारी वरुडकडची लाइन गेलेली,
इन्व्हर्टरवर दोन तास उरलेले,
मागच्या शेडमध्ये संत्र्यांची छाटणी चाललेली:
मोठं इकडे, डागी तिकडे.
बायका बोलत होत्या भलत्याच लग्नाविषयी,
फळाकडे धड बघतही नव्हत्या,
रंग हाताला कळत होता.
तेव्हा सुचलं ते एवढंच,
की यादी वाचायची नाही, रंगवायची.
प्रत्येक फाइलचा एक चौकोन.
ओळी जितक्या, तितकं क्षेत्र.
खोट जितकी, तितका लाल.

"हा कोन्त्या मौज्याचा नकाशा?"
दारात बेलसरेकाका. हयातीच्या दाखल्याला आलेले.
दर नोव्हेंबरात माझ्या फोनसमोर बसतात
डोळे नको तितके मोठे करून,
जिवंतपणात काही कमी पडू नये म्हणून.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात, साखळी ओढत.

मौजा नाही काका, आमचं काम आहे,
विम्याच्या हप्त्यांचं. लाल तिथं बिघाड.
त्यांनी चष्मा धोतराला पुसला.
"लाल तं मालकालेही माहीत असते.
त्याच्यासाठी नकाशा नाई लागत.
पांधन कुठून जाते, थे दाखव."

पांधन.
म्हणजे कोण कुणाला हाक मारतं,
कुणावाचून कुणाचं अडतं.
रेषा जोडल्या. हजारावर गेल्या.
आधी नुसता सुतळीचा गुंता,
मग चौकोन सरकले, ताणले, थांबले,
आणि मधोमध एक हिरवट, नखाएवढा,
एकही इशारा नसलेला.
दोनशे बारा वाटा त्याच्यावरून.

काकांनी त्यावर बोट ठेवलं. नखात चुना.
"एवढ्याशा वावरातून साऱ्या गावाच्या बंड्या जातेत.
याचा धुरा फुटला तं पेरनी कोनाचीच नाई.
कोनाचं हाय हे?"

उघडलं. एकसष्ट ओळी, तारखा जुळवणाऱ्या.
चाचणी एकही नाही.
वर लिहिलेलं: तात्पुरतं आहे, सोमवारी नीट करते.
खाली माझी आद्याक्षरं.
त्या सोमवारला पाच वर्षं झाली.

म्हटलं, जुनं आहे कुणाचं तरी.
काका हसले नाहीत.
धुऱ्यावर उभं राहून हेच वाक्य
त्यांनी किती जणांकडून ऐकलं असेल.

मंगळवारी बैठकीत चित्र लावलं.
माइक बंद असतात तेव्हाची शांतता ती नव्हती.
मग तन्वीर म्हणाला, डाव्या कोपऱ्यातला तो लालभडक, माझा.
कुणी विचारलं नव्हतं.
इरावतीने दोन घेतले.
हिरव्यावर कर्सर नेऊन मी म्हटलं, हा माझा,
तेवढ्यात शेडमध्ये कुणी क्रेट आदळले,
पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने.

चित्राने काही दुरुस्त झालं नाही, हेही लिहून ठेवते.
एकसष्ट ओळींना नऊ दिवस लागले.
फेब्रुवारीची एकोणतीस एकटीच दोन खाऊन गेली.

काका दाखल्याची प्रत न्यायला आले,
स्क्रीनपुढे वाकले, बराच वेळ.
"सारं बराबर हाय. पन याच्यात उत्तर कुठं हाय?"
मी गडबडले. म्हटलं, उत्तर असं नसतं यात,
चित्र फक्त कुठं बघायचं ते...
"उत्तर दिशा वं माय!
बान नाई काढला तू.
बिना बानाचा नकाशा कचेरीत कोनी घेत नाई."

उजव्या कोपऱ्यात लहानसा बाण काढला, टोकाशी उ.
अजून आहे तिथं.
पुण्यात कुणी विचारलं नाही
तो कशाकडे दाखवतो.