ओळ तुटू न देणे

कास्त्रोहून फोन आला, साहेब हसत होते:
"तुमच्या तिसऱ्या पानावर एका बाईच्या घरात
अकरा माणसं आणि चार मेंढ्या राहतात."
उलटं होतं. मेंढ्या अकरा.
पण रकान्यांची नावं फक्त पहिल्या पानावर,
पुढे सगळे आकडे बोडक्या डोक्यानं उभे,
ज्याला जे वाटेल ते त्यानं म्हणावं.

मी नगरपालिकेत टाइप करते, चिलोए बेटावर.
शेगडीत ओली लाकडं, आणि स्क्रीनवर
समुद्र खात चाललेल्या किनाऱ्यावरची एकोणचाळीस घरं:
कोण, किती, कुठे हलणार, शेरा.

शीर्षकाची ओळ दर पानावर पुन्हा यावी
हे जमलं. एक खूण केली की झालं.
मग दिसलं नाउएलकिनांचं घर.
ओर्तेन्सिया, वय एकाहत्तर, पानाच्या अगदी तळाशी,
तिचा शेरा अर्धाच तिथे:
"नवऱ्याची कबर अंगणात आहे, म्हणून"
आणि पान संपलं.
पुढच्या पानावर, वर, एकटंच,
कुणाचं ते न कळणारं:
"हलायला तयार नाही."

आधी एंटर मारमारून ढकललं तिला खाली.
दुपारी बार्रियांच्या घरात बाळ जन्मल्याचं कळलं,
वर एक नाव वाढलं,
आणि सगळी वस्ती पुन्हा घसरली.

मग तक्त्याच्या गुणधर्मांत, आत कुठेतरी, सापडली ती चौकट:
ओळ दोन पानांत तुटू द्यावी.
टिक आधीपासूनच होती.
कुणी, कुणाला विचारून?
काढली.

ओळ अख्खीच्या अख्खी उचलली गेली पुढच्या पानावर.
आमच्याकडे घरं अशीच हलवतात, मिंगा म्हणतात त्याला:
खाली ओंडके, पुढे बैलजोड्या, दोरांना सगळा गाव,
खिडक्यांना पडदे तसेच.
मामा सांगायचा, टेबलावरचं दूधही हिंदकळलं नाही.
मामा थापाड्या होता, पण घर मी पाहिलंय,
चिखलातून, भिंतीला तडा न जाता.

दोन एरिबेर्तोंनी तिसऱ्या पानाखालचा कोरा भाग
बोटांनी मोजला. चार बोटं.
"कागद वाया."
म्हटलं, घर उचललं की खाली जागा राहतेच.
ते काही बोलले नाहीत. सही केली.

ओळ हलली.
ओर्तेन्सिया अजून तिथेच आहे.