उजवीकडून झिजलेला चमचा

मे महिन्यात क्रनवरचा बर्फ उतरला
की लुडविक घरात ठरत नाही.
लाकडाच्या वखारीतून निवृत्त झाला, गुडघे गेले,
तरी पाठीला पिशवी,
हातात धातू लागला की कुईकुई करणारी काठी,
आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर
कुणाकुणाची भांडी.

जेवणाचे डबे, चेमटलेले. एक बूट, त्यात नुसते खिळे.
टोपण हरवलेला पाण्याचा चंबू, लाकडी,
इटलीच्या बाजूचा म्हणे;
तो तीन दिवस आमच्या न्हाणीतल्या टबात फुगत पडला होता,
गळायचा थांबेपर्यंत.
आम्ही तीन दिवस पारोसे.

सासूबाई शिरस्त्राणाला दांडा ठोकून
गोठ्यातलं शेण उपसायच्या.
साऱ्या गावात तसंच होतं, लोखंड चांगलं होतं.
याने दांडा उपटला, शिरस्त्राण फडताळात मांडलं,
तेव्हा म्हातारी आठवडाभर बोलली नाही.

गंज काढायचीही त्याची रीत आहे.
लिंबू नाही, राख नाही, तारेची घासणी तर नाहीच.
तेलाचा बोळा, आणि तासन्‌तास.
"खरवडलं तर माणूसही निघून जाईल," म्हणतो.
मी चाळीस वर्षं याची ताटं घासते आहे,
माझ्या हातून अजून कुणी निघून गेलं नाही.

उदीनेहून एक गृहस्थ आले, जाड पाकीट घेऊन.
लुडविकने त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.
छप्पर गळतंय, हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही.

परवा चमचा आणला.
नाव नाही, शिक्का नाही, आकडा नाही.
वही उघडून, भिंग लावून दोन रात्री बसला.
"काहीच सांगत नाही हा."

मी हात पुसले, चमचा उलटसुलट केला.
"डावखुरा होता."
"कशावरून?"
"उजवीकडून झिजलाय. माझा बघ."
खणातून माझा काढून शेजारी ठेवला.

त्याने वहीत लिहिलं: डावखुरा.
कुणी सांगितलं, ते नाही लिहिलं.

शाळेत माझा डावा हात बाकाला बांधायच्या, मफलरने.
त्याचाही बांधला असेल कुणी,
आईने, पाद्र्याने, हवालदाराने.
पण तिथे वर, खडकाच्या कपारीत,
डबा मांडीवर, रश्शावर बर्फ पडतोय,
कुठल्या हाताने खातोस रे,
असं विचारायला कोण बसलं होतं.